गरम झाल्यावर रुसणारे इंजिन आणि फेलिक्स वांकेल

ज्याच्या नावाने जगात मोटारीच्या इंजिनाची एक आख्खी जात ओळखली जाते, त्या माणसाकडे मोटार चालवण्याचा परवाना आयुष्यभर नव्हता. फेलिक्स वांकेल हे त्याचे नाव. डोळे लहानपणापासून अधू. लांबचे दिसण्याची इतकी अडचण की गाडी हाती घेणे शक्यच नव्हते. पुढे त्याच्या इंजिनावर चालणारी मोटार त्याच्या दारात उभी राहिली, पण ती चालवायला ड्रायव्हर होता आणि वांकेल बाजूला बसत असे. या सदरात आपण एरवी डॉक्टर आणि शास्त्रज्ञांची चरित्रे वाचतो. आज एका यंत्रवाल्याचे वाचू. त्याच्या इंजिनाला जडलेले एक दुखणे डॉक्टरच्या कामाचे आहे, आणि त्याच्या म्हातारपणातला एक हट्टही.

वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्येला लार या लहान गावी झाला. वडील वनखात्यात अधिकारी. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पहिल्या काही आठवड्यांतच ते मारले गेले. एकुलत्या एका मुलाला घेऊन आई हायडेलबर्गला आली. पैसा नव्हता, त्यामुळे कॉलेज, इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही झाले नाही. १९२१ मध्ये शाळा सुटली आणि पोरगा एका शास्त्रीय पुस्तकांच्या प्रकाशकाकडे कामाला लागला. पुस्तकांच्या गोदामात दिवस काढायचा आणि उरलेल्या वेळात मित्रांबरोबर एका छोट्या वर्कशॉपमध्ये लोखंड घासायचे, असा त्याचा क्रम होता. काही वर्षांत ती नोकरीही गेली.

डोक्यात मात्र सतरा वर्षांचा असल्यापासून एकच वेड होते. आपल्या ओळखीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो, पुन्हा वर जातो. मिनिटाला हजारो वेळा ही धडपड. एवढे करून आपल्याला हवे काय असते, तर चाक फिरणे. मग पहिल्यापासूनच फिरणारे इंजिन का करू नये? हा विचार त्याच्या आधी अनेकांनी केला होता आणि सगळे एकाच ठिकाणी अडकले होते. बंद खोलीत फिरणाऱ्या वस्तूच्या कडेने वायू निसटतो. पिस्टन गोल असतो, त्याला रिंगा बसवल्या की काम भागते. पण कोपरे असलेली वस्तू फिरवायची असेल तर कोपऱ्याशी फट बंद ठेवायची कशी? वांकेलने उरलेले आयुष्य या फटीला दिले. १९२९ मध्ये फिरत्या इंजिनाचे पहिले पेटंट त्याला मिळाले. चालणारे इंजिन मिळायला आणखी २८ वर्षे जायची होती.

त्या २८ वर्षांचा हिशेब सांगताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. वांकेल नाझी होता, आणि तोही लाटेबरोबर वाहत गेलेला नव्हे. १९२२ मध्ये, पक्षाला फारसे कोणी ओळखत नव्हते तेव्हा, विशीच्या आतबाहेर असताना तो त्यात शिरला. तरुण पोरांच्या पलटणी बांधणे हे त्याचे आवडते काम. पुढे त्या भागातल्या पक्षप्रमुखाशी, रोबर्ट वाग्नरशी, त्याचे बिनसले. वाग्नर भ्रष्ट आहे असे तो उघड सांगू लागला. १९३२ मध्ये पक्षाबाहेर पडावे लागले, आणि १९३३ मध्ये नाझींचे राज्य येताच वाग्नरने त्याला तुरुंगात टाकले. काही महिन्यांनी वरून सूत्रे हलली आणि तो सुटला. त्यात खुद्द हिटलरचा हात होता. १९४० मध्ये त्याला एसएसमध्ये मोठा हुद्दा मिळाला आणि १९४२ मध्ये तिथूनही काढण्यात आले. काही लोक ही हकीकत सांगताना तुरुंगवास तेवढा सांगतात आणि बाकीचे गाळतात. मला ते पटत नाही. भांडण वाग्नरशी होते, विचाराशी नव्हते.

सुटल्यावर त्याने काही काळ बीएमडब्ल्यू कंपनीसाठी काम केले. १९३६ मध्ये सरकारच्या हवाई खात्याने बोडन सरोवराकाठच्या लिंडाऊ गावी त्याला वर्कशॉप उभे करून दिले. विमानाच्या इंजिनात फिरत्या झडपा बसवायच्या आणि त्यांची फट बंद करायची, हे तिथले काम. म्हणजे ज्या विद्येवर त्याचे इंजिन उभे राहिले, ती युद्धाच्या पैशावर पिकली. १९४५ मध्ये फ्रेंच सैन्य आले. वर्कशॉपमधली यंत्रे उचलून नेली आणि वांकेल पुन्हा तुरुंगात गेला. सुटला तेव्हा वय चव्वेचाळीसच्या आसपास, हाती काही नाही आणि संशोधन करायला बंदी.

१९५१ मध्ये एनएसयू या मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीने त्याला हाताशी धरले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी तिथे पहिले वांकेल इंजिन स्वतःच्या दमावर चालले. त्यात आतला त्रिकोणी रोटर फिरे आणि त्याच्या भोवतीची पेटीही फिरे. मिनिटाला १७,००० फेरे घेण्याइतके ते सुबक होते, पण प्लग बदलायचा तर सगळे इंजिन उकलावे लागे. एनएसयूमधल्या हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने वांकेलला न विचारता ते बदलले. पेटी स्थिर ठेवली आणि रोटर तेवढा डोलत डोलत फिरता ठेवला. वांकेल संतापला. पण जगात जी इंजिने पुढे त्याच्या नावाने विकली गेली, ती सगळी पाश्केच्या या बदलातून आलेली आहेत. नाव एकाचे आणि चालते रूप दुसऱ्याचे, हे औषधांच्या इतिहासातही नेहमीच घडत आले आहे.

हे इंजिन डोळ्यासमोर आणायचे असेल तर कमरेत किंचित आवळलेली, आठच्या आकड्यासारखी पेटी कल्पा. आत फुगीर बाजूंचा त्रिकोण. त्रिकोणाची तिन्ही टोके पेटीच्या भिंतीला सतत टेकलेली. त्रिकोण फिरतो तशा तीन बाजूंना तीन खोल्या तयार होतात, लहानमोठ्या होत जातात आणि प्रत्येक खोलीत आळीपाळीने हवा-पेट्रोल घेणे, दाबणे, पेटणे, धूर सोडणे ही चार कामे होतात. झडपा नाहीत, वरखाली होणारे काही नाही. म्हणून ते हलके, लहान आणि चालताना शिवणयंत्रासारखे गुळगुळीत.

सगळा भार मात्र त्या तीन टोकांवर. प्रत्येक टोकाला एक पट्टी बसवलेली असते. तिला एपेक्स सील म्हणतात. पुढच्या काळातल्या जपानी इंजिनांत ही पट्टी ८० मिलिमीटर लांब आणि फक्त २ ते ३ मिलिमीटर जाड. मागे बारीक स्प्रिंग, आणि मिनिटाला हजारो वेळा भिंतीवरून घासत जायचे. त्यात आणखी एक दुखणे या इंजिनाच्या जन्मातच आहे. पिस्टनच्या इंजिनात जिथे आग लागते तिथेच थोड्या वेळाने थंड हवा येते, म्हणून सिलिंडर जवळपास सगळीकडे सारखा तापतो. वांकेलच्या पेटीत आगीची बाजू कायम आगीची आणि थंड हवेची बाजू कायम थंड. एक बाजू जास्त फुगते, दुसरी कमी. पट्टीने या वाकड्या भिंतीला चिकटून राहायचे.

एनएसयूची रो ८० ही देखणी मोटार १९६७ मध्ये आली आणि युरोपात तिला वर्षाची सर्वोत्तम मोटार म्हणून गौरवले गेले. मग पट्ट्या झिजू लागल्या. कंपनीने गिऱ्हाइकांना वॉरंटीत इंजिनामागून इंजिन बदलून दिले. रस्त्यात रो ८० वाले समोरासमोर आले की बोटे वर करून आपले कितवे इंजिन चालू आहे ते एकमेकांना दाखवत, असे गमतीने सांगतात. कंपनीला ती गंमत परवडली नाही. १९६९ मध्ये एनएसयू दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

ज्यांनी हे इंजिन खरोखर जगवले ते लोक हिरोशिमाचे. तिथल्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ मध्ये परवाना घेतला. केनिची यामामोतो आणि त्यांचे ४६ सहकारी कामाला बसले. पहिल्या इंजिनांत पट्टी भिंतीवरून जाताना थरथरायची आणि भिंतीवर आडव्या रेघा पडायच्या. त्या रेघांना त्यांनी सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. शेवटी कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी टिकली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली. पुढे १९७८ मध्ये आरएक्स-७ आणि २००३ मध्ये आरएक्स-८. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जगाने हे इंजिन टाकून दिले, कारण ते पेट्रोल फार पिते; हिरोशिमावाले तेवढे चिकटून राहिले.

आता त्या दुखण्याकडे येतो. जुन्या वांकेल गाड्यांची एक तक्रार जगभर सारखी ऐकू येते. सकाळी थंड गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. तासभर पळते, कुठे काही खोट दिसत नाही. पेट्रोल भरायला दहा मिनिटे बंद केली की मग काही केल्या चालू होत नाही. अर्धा-पाऊण तास थांबून इंजिन निवले की पुन्हा जणू काही झालेच नाही.

आमच्या सिंदी मेघेत अशी गाडी मी पाहिलेली नाही. पण थंडपणी बरे आणि तापल्यावर लुळे, हे लक्षण मेंदूविकाराच्या पुस्तकातून माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये ते नोंदवले. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मज्जातंतूंवरचे वेष्टन जागोजागी झिजते. शरीर निवांत असताना त्या झिजलेल्या तारेतून संदेश कसाबसा जातो. अंगाचे तापमान अर्धा अंश जरी वाढले, व्यायामाने, तापाने, कढत पाण्याच्या आंघोळीने किंवा आपल्या वर्धेच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांनी, तरी तो मध्येच अडतो. नजर धूसर होते, पाय जड पडतात. पंख्याखाली बसले, अंगावर गार पाणी घेतले की तासाभरात सगळे पूर्ववत. घरचे म्हणतात ऊन लागले, किंवा म्हणतात नाटक आहे. दोन्ही नसते. उष्णतेने नवे काही बिघडलेले नसते, आधीपासून झिजलेले फक्त उघडे पडते. एखाद्या तरुण बाईला उन्हाळ्यात आंघोळीनंतर दर वेळी एका डोळ्याने धूसर दिसत असेल, तर उन्हाला दोष देऊन थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

वांकेलच्या इंजिनातही तेच. थंड असताना तेल घट्ट असते, ते पट्टीच्या फटीत बसते आणि झिजलेली पट्टीही दाब धरते. इंजिन तापले की तेल पातळ होते, धातू फुगून फटी बदलतात. सेल्फची मोटरही तापलेली असते; तापलेल्या तांब्यातून वीज कमी वाहते, म्हणून ती इंजिन हळू फिरवते. हळू फिरले की प्रत्येक फेऱ्यात दाब निसटायला जास्त वेळ मिळतो. दाब नाही म्हणून पेट्रोल पेटत नाही. न पेटलेले पेट्रोल आत साचते, भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि उरलासुरला दाबही जातो. आपले मेकॅनिक ज्याला गाडी ओव्हरफ्लो झाली म्हणतात, ती हीच अवस्था.

जाणते मेकॅनिक तपासणी कशी करतात ते वाचताना मला आमची ओपीडी आठवते. चांगल्या माणसाचा हात आधी इंजिनाला लागत नाही. आधी बॅटरी, तिच्या तारा आणि अर्थिंग बघतात, कारण अर्धे दुखणे इंजिन पुरेशा वेगाने न फिरण्यातच असते. मग प्लग, कॉइल आणि प्लगच्या तारा. या गाड्यांत त्या लवकर थकतात. पेट्रोल साचले असेल तर आरएक्स-८ मध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारतात. त्या स्थितीत पेट्रोल सोडणे बंद राहते आणि आतले साचलेले उडून जाते. बंद गाडीत पेट्रोल गळत राहते का, तापमान सांगणारा सेन्सर खोटे बोलतो का, तेही पाहतात. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून बघणे ही तर जुनीच युक्ती. तेल सोडल्यावर गाडी चटकन चालू झाली तर गुन्हेगार पट्टीच. एवढ्याने इंजिन बरे होत नाही, निदान तेवढे होते.

शेवटची तपासणी कॉम्प्रेशनची, आणि ती इंजिन गरम असतानाच करायची. थंड इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजणे म्हणजे चालताना छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी त्याला खाटेवर निजवून काढणे आणि सगळे ठीक आहे म्हणून घरी धाडणे. इथे आणखी एक गोम आहे. नेहमीच्या गेजमध्ये दाब अडवून धरणारी झडप असते, त्यामुळे काटा सर्वांत मोठ्या दाबावर जाऊन थांबतो. एका रोटरला तीन बाजू असतात. दोन गेलेल्या आणि एक धडधाकट असली तरी गेज धडधाकट बाजूचाच आकडा दाखवते. म्हणून वांकेलसाठी तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारे खास उपकरण लागते, आणि आकडा मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने वाचावा लागतो. आरएक्स-८ च्या बाबतीत दर चौरस सेंटिमीटरला ६.९ किलोच्या खाली आकडा गेला की इंजिन उघडण्याची वेळ आली. परदेशात जुनी गाडी घेताना हा कागद मागायला हवा. निवलेली गाडी चालू करून दाखवणारा विक्रेता गिऱ्हाइकाला अर्धेच दाखवत असतो.

गाडी कोणतीही असो, ती चालू होत नाही तेव्हा माणसे जे उद्योग करतात ते मात्र थेट आमच्याकडे येतात, म्हणून डॉक्टर या नात्याने तीन गोष्टी. ओव्हरफ्लो झालेले इंजिन पेटले की धुराचा लोट निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. बंद गॅरेजमध्ये, शटर ओढलेल्या दुकानात इंजिन किंवा जनरेटर चालवू नका. डोके जड होणे, मळमळ, गुंगी आली की आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवील. त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, दवाखाना गाठा. दुसरे, नळीने तोंड लावून पेट्रोल ओढणे. घोटभर पोटात गेल्याने फारसे बिघडत नाही, पण काही थेंब श्वासनळीत गेले तर फुप्फुसाला भाजल्यासारखी सूज येते. अशा माणसाला उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. ओकताना तेच पेट्रोल फुप्फुसात उतरते. खोकला, धाप, ताप दिसायला काही तास जातात, म्हणून बरे वाटले तरी दाखवून घ्या. तिसरे, तापलेल्या गाडीचे रेडिएटरचे झाकण. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असते आणि झाकण उघडताच तोंडावर उडते. दर उन्हाळ्यात असा एखादा भाजलेला चेहरा बघावा लागतो.

वांकेलकडे परतू. पुढे परवाने विकले जाऊ लागले आणि गोदामात काम केलेला हा माणूस श्रीमंत झाला. १९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये त्याने आपल्या कंपनीतला वाटा लोनरो या ब्रिटिश कंपनीला सुमारे १० कोटी मार्कांना विकला. लिंडाऊला सरोवराकाठी संशोधनकेंद्र होतेच. पाण्यावर उचलून धावणाऱ्या वेगवान बोटी बनवण्याचा नाद त्याला तिथे लागला.

दुसरा नाद त्याहून वेगळा. प्राण्यांवरचे प्रयोग त्याला सहन होत नसत. १९७२ पासून त्याच्या नावाने एक पारितोषिक सुरू झाले. प्रयोगात प्राणी न वापरता किंवा कमी वापरून तेच उत्तर कसे मिळवता येईल, यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना ते दिले जाते. आमच्या पिढीने वैद्यकीय कॉलेजात बेडूक आणि ससे यांच्यावरच औषधशास्त्राची प्रात्यक्षिके केली. आजचे विद्यार्थी ती संगणकावर करतात. पेशींच्या थरांवर औषधे तपासणे हे तेव्हा अनेकांना खूळ वाटे, आज ती प्रयोगशाळांची रोजची रीत आहे. हा बदल काही एकट्या वांकेलच्या पैशाने झाला नाही. पण ससा-उंदरांसाठी एवढा कळवळा असलेला माणूस ज्या झेंड्याखाली विशीत उभा होता, त्याने माणसांवर कसले प्रयोग केले ते आम्हा डॉक्टरांना शिकवले जाते. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या, याचा मेळ मला लागलेला नाही.

९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये वांकेल वारला. वय ८६. मूलबाळ नव्हते. तिथल्याच दफनभूमीत त्याची कबर आहे. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत चार रोटरचे इंजिन असलेली माझदाची ७८७बी पहिली आली. आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. २०२३ मध्ये त्याच कंपनीने एक रोटरचे वांकेल इंजिन पुन्हा आणले. विजेवर चालणाऱ्या गाडीत ते बसवलेले असते आणि चाकांशी त्याचा थेट संबंध नसतो. बॅटरी उतरली की ते चालू होते आणि वीज बनवते.